दर ४८३ फोटोंमागे एक वाघ

२०२२ च्या व्याघ्रगणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे बांधले होते. त्यांनी मिळून ४,७०,८१,८८१ फोटो काढले. त्यांतल्या ९७,३९९ फोटोंत वाघ होता. भागाकार केला तर दर ४८३ फोटोंमागे एक. उरलेल्यांत चितळ, रानडुक्कर, रोही, गुरं, गुराखी, मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका आणि कित्येकांत नुसतंच वाऱ्यानं हललेलं गवत.

पावणेपाच कोटी फोटो म्हटले की आपल्याला धडकी भरते. संगणकशास्त्रात काम करणाऱ्यांना तेवढी भरत नाही. साठवायला जागा, तपासायला यंत्रं, दोन्ही आता पैसे टाकले की मिळतात. त्यांची झोप उडते ती त्या भागाकाराने. जे शोधायचंय ते इतकं विरळ असेल तर यंत्राला शिकवायचं कसं? ते शिकलंय हे तपासायचं कसं? आणि त्याच्या शब्दावर कुणाचा जीव सोपवायचा का? जगभरच्या प्रयोगशाळांत हे प्रश्न अजून अनुत्तरित आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात त्यांची धार जरा जास्त लागते.

सिंदेवाही म्हणजे नागभीड आणि मूलच्या मधलं, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. धानाचा मुलूख. मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्यांच्याखाली धानाच्या बांध्या, बांध्यांना खेटून झुडपी जंगल आणि त्याच्या मागे खरं जंगल. तालुक्याचा शिवणीकडचा भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये येतो. बाकीचं जंगल ब्रह्मपुरी वनविभागाचं, म्हणजे प्रादेशिक. इथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, तेंदूपत्ता निघतो, रस्ते जातात. आणि वाघ इतके आहेत की एखाद्या नामांकित अभयारण्याने खाली मान घालावी.

२०२५ च्या मे महिन्यात याच सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात अलीकडे वर्षाकाठी असे मृत्यू दोन आकडी असतात. त्यामुळे इथे 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणात आला की तो पर्यटनासाठी नसतो. गावाला तिच्याकडून एकच अपेक्षा असते: वाघ कुठे आहे ते आधी सांग.

आता हे 'आधी सांग' किती अवघड आहे, ते पाहू. सुरुवात सोप्या वाटणाऱ्या कामापासून करतो. मोजणी.

वाघ मोजायची जुनी रीत पावलांच्या ठशांची. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ती बसवली. वनरक्षकाने काचेवर ठसा गिरवायचा, तो कागदावर उतरवायचा आणि प्रत्येक वाघाचं पाऊल वेगळं ओळखू येतं असं धरून चालायचं. तीसेक वर्षं देश या विश्वासावर चालला. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून वाघांच्या पट्ट्यांवरून गणित मांडलं, त्याचा शोधनिबंध १९९५ चा. तरी सरकारी यंत्रणा हलली नाही. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, हे उघड झालं तेव्हा ती हलली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स नेमला गेला आणि पुढच्या, २००६ च्या गणनेपासून पद्धत बदलली.

पट्ट्यांचं तत्त्व साधं आहे. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पण त्याच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. एकच कूस मिळाली तर तो फोटो अर्धवट. फोटो जुळवण्यासाठी आपल्याकडे वापरतात ते 'एक्स्ट्रॅक्टकम्पेअर' हे सॉफ्टवेअर ब्रिटनच्या लेक्स हिबी यांचं. ते २००९ मध्ये शोधनिबंधातून पुढे आलं. माणूस फोटोतल्या वाघाच्या अंगावरच्या काही खुणा दाखवून देतो. यंत्र त्यावर वाघाच्या शरीराचा त्रिमितीय साचा चढवतं, वाकडातिकडा उभा असलेला वाघ जणू सपाट करून पट्टे वेगळे काढतं, आणि साठ्यातल्या जुन्या वाघांशी ताडून गुण देतं. शेवटचा होकार माणसाच्या डोळ्यांचा. जप्त केलेल्या कातड्यावरून तो वाघ कुठल्या जंगलातला होता हे सांगायलाही हीच युक्ती कामाला येते. २०२३ मध्ये ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात महेंद्रगिरीच्या जंगलात एक नर वाघ दिसला. पट्टे जुळवले तर तो आपल्या ब्रह्मपुरी विभागातला निघाला. सुमारे दोन हजार किलोमीटरची चाल, तीन-चार राज्यांतून, आणि वाटेत कुणाला पत्ता नाही.

अशी गोष्ट वाचली की यंत्राचं कौतुक वाटतं. कौतुक करावंच. पण एक छोटं गणित करून पाहा, मग जपून कराल.

समजा एका जंगलात पहिल्या फेरीत २० वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत २५ मिळाले, त्यांतले १० पहिल्या फेरीतलेच. दुसऱ्या फेरीत निम्म्याहून कमी ओळखीचे निघाले, म्हणजे पहिल्या वेळी आपल्याला बरेच दिसलेच नव्हते. हिशेब असा: २० गुणिले २५, भागिले १०. अंदाज ५० वाघ. आता जुळवणी करताना एका ओळखीच्या वाघाला यंत्र 'नवा' म्हणालं असं धरा. फोटो धूसर होता, वाघ वळला होता, कारण काहीही. ओळखीचे ९ उरले. २० गुणिले २५ भागिले ९, म्हणजे साडेपंचावन्न. आणखी एक चूक झाली तर ओळखीचे ८, अंदाज साडेबासष्ट. पंचवीस वाघांत दोन चुका झाल्या, आणि जंगलात बारा वाघ वाढले. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं असतं, कॅमेऱ्याची जागाही त्यात धरलेली असते, पण चूक फुगत जाते ती याच दिशेने.

म्हणून या क्षेत्रात भांडणंही कडाक्याची आहेत. अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आपल्या गणनेच्या पद्धतीतल्या एका पायरीवरच बोट ठेवलं. जिथे कॅमेरे नाहीत तिथले वाघ पावलांच्या खुणांवरून अंदाजण्याची ती पायरी. सरकारी बाजूच्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही. मला यात दोन्ही पक्षांची एक गोष्ट पटते आणि एक खटकते. पटते ती अशी की आकडा देताना त्याच्या आगेमागे किती चूक असू शकते हे दोघेही सांगतात. २०२२ चा अंदाज ३,६८२, पण अहवालातली कक्षा ३,१६७ ते ३,९२५ अशी आहे. महाराष्ट्राचे ४४४ वाघ हाही असाच अंदाज आहे. खटकते ती गोष्ट म्हणजे कच्चे फोटो बाहेरच्या अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. याची कारणं आहेत, त्यांच्याकडे येईनच.

आता फोटो चाळण्याचं काम. टांझानियातल्या सेरेंगेटीत असाच एक प्रकल्प झाला. ३२ लाख फोटो, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश रिकामे. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या चाळून एकेका फोटोवर प्राण्याचं नाव चढवलं, आणि त्यावर शिकवलेलं यंत्र २०१८ मध्ये माणसाच्या तोडीचं काम करू लागलं. आपल्याकडे भारतीय वन्यजीव संस्थेने दिल्लीच्या आयआयआयटीच्या मदतीने 'कॅटरॅट' नावाची प्रणाली केली. मेमरी कार्ड रिकामं केलं की हे चितळ, ही अस्वल, हा वाघ अशी विभागणी ती करते. पूर्वी हेच काम करायला माणसं महिनोन्‌महिने पडद्यासमोर बसत.

पण यंत्राला चितळ म्हणजे काय हे आधी कुणीतरी दाखवून दिलेलं असतं. ते दाखवणारे हात वनरक्षकांचे, संशोधक विद्यार्थ्यांचे, रोजंदारीवरच्या मुलांचे. त्यांची नावं शोधनिबंधावर क्वचित येतात. या भागाला ही गोष्ट नवी नाही. सिंदेवाहीच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या 'पटेल ३' धानात दोनचार वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या, आणि एचएमटी हा तांदूळ जन्माला आला. नाव घेतलं ते त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं. पुढे १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' वाण प्रसारित केला आणि श्रेय कुणाचं यावर बरीच वर्षं वाद गाजला. लाखो लोंब्यांत वेगळी लोंबी हेरणं हे जे खोब्रागड्यांनी उघड्या डोळ्यांनी केलं, ते यंत्राकडून करून घेणं आज संगणकशास्त्राला जमवायचंय. श्रेयाचा प्रश्न तेव्हाही मागे राहिला होता, आताही राहतो.

खरी अडचण पुढे आहे. २०१८ मध्येच सारा बीरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. काही ठराविक जागच्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवर यंत्र शिकवलं आणि परीक्षा घेतली ती दोन प्रकारे. त्याच जागांचे नवे फोटो, आणि यंत्राने कधी न पाहिलेल्या जागांचे फोटो. पहिल्या परीक्षेत यंत्र हुशार निघालं. दुसऱ्या परीक्षेत त्याच्या चुका कितीतरी वाढल्या. प्राणी तेच, पण मागचं झाड वेगळं, उजेड वेगळा, कॅमेऱ्याची उंची वेगळी. यंत्र प्राण्याबरोबर त्याच्या मागचं दृश्यही पाठ करून बसलं होतं. कुरणातली गाय ओळखणारं यंत्र समुद्रकिनाऱ्यावरच्या गाईपुढे बावचळतं.

हे सिंदेवाहीला लावून पाहा. यंत्राला शिकवायला चांगले, भरपूर फोटो कुठून मिळतात? ताडोब्यासारख्या गाभा क्षेत्रातून. तिथे माणूस नाही, गुरं नाहीत. वाघ जंगलवाटेच्या मधोमध, राजासारखा, कॅमेऱ्याकडे चालत येतो. सिंदेवाहीतला वाघ कुठे भेटतो? धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर, बेशरमाच्या जाळीत अर्धा लपलेला, रात्री, पाठमोरा. आजूबाजूला दावं लावलेली गाय, भटकी कुत्री, मोटरसायकल, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला माणूस. रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत रंग नसतो. तांबूस रंगाचं वासरू आणि वाघ यांच्यात फरक करायला पट्टेच उरतात, आणि पट्टे गवताच्या सावल्यांतही दिसतात. म्हणजे यंत्राला शिकवण्याचा मालमसाला जिथे मुबलक आहे तिथे त्याची गरज कमी, आणि जिथे गरज आहे तिथे मालमसाला तुटपुंजा. संशोधक याला प्रशिक्षण आणि वापर यांच्या परिस्थितीतली तफावत म्हणतात. ती पूर्ण बुजवणारी रीत कुणाला सापडलेली नाही. स्थानिक फोटो वाढवत नेणं हा सर्वांत भरवशाचा उपाय, आणि तो सर्वांत कष्टाचा.

तफावतीचं आणखी एक रूप गडचिरोलीने दाखवलं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि राहिला. त्याआधी या जंगलांच्या प्राण्यांच्या यादीत हत्ती नव्हता. ठराविक यादीवर शिकवलेल्या यंत्रापुढे हत्ती आला तर ते 'मला ठाऊक नाही' असं म्हणत नाही. यादीतलं जवळचं नाव उचलतं, बहुधा रानगवा, आणि वर ठामपणे सांगतं. आपल्याला काय येत नाही हे यंत्राला कळणं, हा आजच्या संशोधनातला अतिशय कठीण विषय आहे. माणसांतही तो सुटलेला नाही, पण ते असो.

आता मे महिना. कॅमेरा ट्रॅप आपणहून फोटो काढतो म्हणजे काय होतं? त्याच्या तोंडाशी एक संवेदक असतो. समोरच्या पट्ट्यात उष्णतेचा बदल झाला, आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड काही सरकलं, की तो कॅमेऱ्याला जागं करतो. हिवाळ्यात पंधरा अंशांच्या पहाटेला वाघाचं गरम अंग या संवेदकाला लख्ख दिसतं. पण ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दर वर्षी असतात. पारा ४५-४७ पर्यंत जातो. जमीन, दगड, वाळलेली पानं, सगळं वाघाच्या अंगाइतकं किंवा त्याहून गरम झालं की संवेदकाला फरक लागेनासा होतो. वाघ समोरून जातो आणि कॅमेरा झोपलेला राहतो. उलट तापलेल्या झुळकेने हललेली फांदी त्याला उठवते. पहाटे तो बरा चालतो, दिवस चढला की बिघडत जातो.

आणि तेंदूचा हंगाम नेमका हाच. एप्रिलअखेर ते मे, मोजके दिवस. या दिवसांत गावं अंधारातच उठतात. पानं उजाडताच तोडायची, ऊन चढायच्या आत गठुडं बांधून आणायचं, दुपारी घरात बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदीकेंद्रावर, द्यायचा. पैसा पुड्यांवर मिळतो, म्हणून पान दाट जिथे तिथे बाई जाते. तेंदूचं झुडूप तोडायला वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस झुडपाआडच्या वाघाला चार पायांचं जनावर वाटतो असं वनखात्यातले लोकही सांगतात. वर्षातला सर्वांत धोक्याचा पंधरवडा आणि संवेदकाचा सर्वांत कमजोर पंधरवडा एकच असावा, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत दुखरं ठिकाण वाटतं. प्रयोगशाळेतल्या चकचकीत टक्केवारीत ते दिसत नाही. कॅमेऱ्याने जो फोटो काढलाच नाही, त्याची नोंद चुकांच्या खात्यात होत नाही.

तरी इशारा देणाऱ्या यंत्रणा उभ्या राहतायत. मध्य प्रदेशात कान्हा-पेंचच्या दरम्यान 'ट्रेलगार्ड' नावाच्या छोट्या कॅमेऱ्यांचा प्रयोग झाला. त्यात निवड कॅमेऱ्यातच होते. सगळे फोटो पाठवायचे नाहीत, वाघाचा वाटला तेवढाच मोबाइलच्या जाळ्यावरून अर्ध्या मिनिटाच्या आत वनाधिकाऱ्याच्या फोनवर. २०२३ च्या एका शोधनिबंधात त्याचा वृत्तांत आहे. ताडोब्याच्या बफरमध्ये मोहर्लीजवळच्या सीतारामपेठला कॅमेरे आणि भोंगे लावून 'आभासी भिंत' उभारली. वाघ गावाच्या दिशेने आला की भोंगा वाजतो. राज्य सरकारने आता विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या शेकडो गावांत असे कॅमेरे लावायचं ठरवलंय.

भोंगा म्हटलं की पुन्हा तो भागाकार. समजा एका परिसरात १०० कॅमेरे आहेत आणि प्रत्येक दिवसाला ३०० वेळा जागा होतो. झाले ३०,००० फोटो. त्यांतल्या ३० फोटोंत खरोखर वाघ आहे. यंत्र शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर असतं, म्हणजे जाहिरातीत छापण्याजोगं. तर ३० पैकी जवळजवळ सगळे वाघ ते पकडेल. पण वाघ नसलेल्या २९,९७० फोटोंपैकी शेकडा एक, म्हणजे ३०० फोटोंत ते खोटा वाघ पाहील. दिवसाला ३३० इशारे, त्यांतले अकरापैकी दहा खोटे. पहिल्या दिवशी गाव धावेल. आठव्या दिवशी भोंग्याची तार कुणीतरी काढून ठेवील, आणि त्या माणसाला दोष देता येणार नाही.

मग यंत्राला जास्त काटेकोर करा, खात्री असेल तेव्हाच बोल म्हणून सांगा. खोटे इशारे घटतात, पण त्याबरोबर काही खरे वाघही सुटतात. दोन चुकांची किंमत सारखी नाही. एकीत झोपमोड आहे, दुसरीत माणूस. या दोहोंमध्ये काटा कुठे ठेवायचा हे गणित सांगत नाही. ते आज कुठेतरी शहरात बसलेला प्रोग्रामर एका ओळीत ठरवतो. माझं मत विचाराल तर तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवायला हवा. दिवसाला किती खोटे भोंगे सोसाल, हे गावाला समजेल अशा भाषेत विचारता येतं, आणि गावं याचं उत्तर शहाणपणाने देतात. गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलातली पोरं आज रात्री-अपरात्री काठ्या घेऊन जी गस्त घालतात, त्यांना हा हिशेब कुठल्याही अभियंत्यापेक्षा आधी कळेल.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जागेची. ताडोबा परिसरातल्या २००५ ते २०११ मधल्या हल्ल्यांचा अभ्यास हर्षवर्धन आणि पूनम धनवटे यांनी सहकाऱ्यांबरोबर केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदलेले हल्ले १३२. त्यांतले ७८ टक्के वाघांचे, बाकी बिबट्यांचे. बहुसंख्य माणसं त्या वेळी जंगलात वनोपज गोळा करत होती किंवा गुरं चारत होती. म्हणजे भोंगा गावात, आणि माणूस जंगलात, तिथे फोनला रेंज नाही. आभासी भिंतीने गावात शिरणारा वाघ अडतो, तेही कमी नाही, पण तेंदूच्या झुडपाशी वाकलेल्या बाईला तिचा उपयोग नाही. तिच्यासाठी उपयोगाचं असेल ते वेगळं: काल संध्याकाळी आणि आज पहाटे जंगलाच्या कुठल्या कक्षात वाघ फिरला, मग आज फळीवाल्याने कुठल्या बाजूला पाठवू नये, हा साधा निर्णय. त्याला अर्ध्या मिनिटाचा वेग लागत नाही. रात्रीचं कार्ड पहाटेच्या आत वाचलं गेलं तरी पुरे. संशोधनाचा सगळा ओढा मात्र वेगाकडे आहे, कारण वेग मोजता येतो आणि दाखवता येतो.

तो १३२ चा आकडा पुन्हा पाहा. एकीकडे पावणेपाच कोटी फोटो, दुसरीकडे सात वर्षांत १३२ हल्ले. उद्या कुठे हल्ला होईल याचं भाकीत करणारं यंत्र बनवायचं तर ते या १३२ वरून शिकणार. आजची अवाढव्य यंत्रं ज्या भुकेची आहेत तिच्यापुढे हे तीळभरही नाही. शिवाय इशाऱ्याची यंत्रणा लावल्यावर मृत्यू कमी झाले, तर ते तिच्यामुळे की एखादा वाघ पकडल्यामुळे, की त्या साली मोहफूल कमी आलं आणि माणसं जंगलात कमी गेली म्हणून? २०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात 'सीटी-१' नावाचा वाघ पकडला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा मिळून १३ माणसं त्याच्या नावावर होती. एवढा एक वाघ हलवला तरी तीन जिल्ह्यांचा आलेख बदलतो. अर्ध्या गावांना यंत्र द्यायचं आणि अर्ध्यांना मुद्दाम द्यायचं नाही, असा प्रयोग कोण करील? म्हणून 'मृत्यू इतके टक्के घटले' असं सांगणाऱ्या कुठल्याही पत्रकावर मी निदान पाचसहा वर्षं विश्वास ठेवणार नाही.

आता त्या कच्च्या फोटोंच्या कुलुपाबद्दल. वाघाचा फोटो म्हणजे तारीख, वेळ आणि ठिकाण. शिकाऱ्याला आणखी काय हवं? २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या ज्या ईमेलवर येत असे, तिच्यात शिरायचा प्रयत्न झाला. तो पुण्याच्या पत्त्यावरून झाल्याचं आढळलं, आणि फसला. २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातच, राजुऱ्यात, वाघांच्या शिकारीतला एक मोठा म्होरक्या पकडला गेला. तेव्हा कुलूप हवंच. पण कुलूप लावलेल्या विदेची चूक बाहेरच्याला काढता येत नाही, आणि चूक काढल्याशिवाय शास्त्र पुढे जात नाही. ठिकाण झाकून फोटो उघडे करणं हा मधला मार्ग. तोही वाटतो तितका सोपा नाही, कारण फोटोच्या मागचा खडक आणि वाकलेलं मोहाचं झाड ओळखणारा माणूस गावोगाव असतो.

आणि कॅमेऱ्यात वाघापेक्षा जास्त वेळा कोण येतं? माणूस. उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरात त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रूक यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात जाणाऱ्या बायका कॅमेऱ्यांच्या आणि ड्रोनच्या नजरेमुळे कशा वागू लागल्या याचा तो अभ्यास. एका बाईचा कॅमेऱ्यातला फोटो गावात पसरवला गेला होता. बायका मोठ्याने बोलेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, कॅमेरे टाळून आडवाटेने जाऊ लागल्या. जंगलात मोठ्याने बोलत जाणं हा जनावराला आपली चाहूल देण्याचा जुना उपाय आहे. आडवाटेला तर वाघ भेटायचीच जागा. वाघापासून वाचवायला लावलेला कॅमेरा बाईला वाघाच्या वाटेवर ढकलत असेल, तर तो दोष लेन्सचा नाही, पण यंत्रणेचा नक्की आहे. यावर तंत्राचं उत्तर आहे: माणूस दिसला की फोटो कॅमेऱ्यातच पुसून टाकायचा, पुढे पाठवायचाच नाही. ते आज करता येतं. करायचं की नाही हा प्रश्न खात्याच्या इच्छेचा आहे, कारण त्याच फोटोंत लाकूडचोरही येतो.

यानंतरचा अहवाल २०२६ च्या गणनेचा. फोटोंचा आकडा पाच कोटींच्या पुढे गेला तर त्याची बातमी होईल. मला त्या अहवालात एक तक्ता हवाय. प्रादेशिक जंगलातले फोटो किती, गाभ्यातले किती. मे महिन्यातले किती. ज्या रात्री वाघ गेल्याचे ताजे ठसे वाटेवर होते आणि कॅमेऱ्यात काहीच नव्हतं, अशा रात्री किती. गावात वाजलेले भोंगे किती आणि त्यांतले खोटे किती. शेवटच्या दोन रकान्यांसाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही. बीटच्या वहीत तारीख आणि वेळ घालून ते लिहावं लागतं, आणि पहाटे ठसे बघत फिरणाऱ्या वनरक्षकाला त्यासाठी अर्धा तास मोकळा सोडावा लागतो.